परवानगी न मागणारे राव

टायपिंगवाले राव सरकारकडे कधी परवानगी मागत नसत, कळवत असत. अमुक दिवशी सकाळी दहाला आम्ही शाळेच्या फाटकाशी शांतपणे उभे राहणार आहोत, बंदोबस्त ठेवावा, एवढं टाइप करून ते ठाण्यात नेऊन देत आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलत नसत. या कानडी शहरातल्या शिवाजीनगरात जन्मभर लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप केलेला माणूस. कायदा त्यांच्या बोटांत होता.

महादेवपुऱ्यात आमच्या सोसायटीमागे सरकारी शाळा आहे. तिचं मैदान पार्किंगला द्यायचं ठरलं आणि शेजारीच राहणारे राव खवळले. मी पुण्याहून इथे आलेली, आयटीतली. त्यांच्याही घरी मराठीच; माझं मराठी ऐकून त्यांनी मलाही हक्कानं ओढलं. ठाण्यातून निरोप आला की, निदर्शनं शहरातल्या ठरवून दिलेल्या उद्यानातच करा. राव म्हणाले, "पोरांचं मैदान इथं जातंय अक्का, आणि आम्ही तिकडं जाऊन कुणाला सांगायचं? कावळ्यांना?"

निघताना ते स्वेटर, बीपीच्या गोळ्या आणि चित्रान्नाचा डबा बरोबर घेत. पोलिसांनी उचललं तर उपाशी कशाला राहायचं, असं त्यांचं म्हणणं. त्या सकाळी फाटकाशी आम्ही जेमतेम वीसजण होतो. घोषणा नाहीत, रस्ता मोकळा. तरी व्हॅन आलीच.

ठाण्यात छापील हमीपत्र पुढे आलं: वर्षभर कुठल्याही निदर्शनात भाग घेणार नाही. राव मला म्हणाले, "असलं लिहून घ्यायचा अधिकार यांना नाही. मॅजिस्ट्रेटसमोर न्या म्हणावं. स्वल्प, जरा थांब." पण दोन वाजता माझी क्लायंटबरोबर मीटिंग होती. मी सही केली. माझं बघून बाकीच्यांनीही केली. राव एकटेच बसून राहिले आणि संध्याकाळी सही न करता सुटले.

पुढच्या खेपेला मी गेले, तर त्यांनी मला परत पाठवलं. मी चिडले. त्या कागदाला काडीची किंमत नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात, असं सुनावलं.

"कागदाला नाही," ते शांतपणे म्हणाले. "पण सही तुझी आहे. ती मोड म्हणून मी कसं सांगू?"

त्या दिवशी ते फाटकाशी एकटे उभे राहिले. मला सरकारचा संताप आला, त्यांचाही आला, आणि माझा स्वतःचा तर अजून येतो.

राव गेल्या वर्षी वारले. मैदानात आता गाड्या लागतात. हमीपत्राची मुदत केव्हाच संपली आहे. मी अजून कुठेही उभी राहिलेली नाही.