पांढऱ्या चासीवरचा शेंदूर

माझ्या बायकोचे, वंदनाचे उपचार संपले, रिपोर्ट स्वच्छ आले, डॉक्टर हसून "आता सहा महिन्यांनी भेटू" म्हणाले, आणि मला मात्र त्यातलं काहीच पटेना. नातेवाईक पेढे मागत होते. शेजारचे गुजराती काका जिन्यात भेटले की हात वर करून "भगवाननो आभार मानो" म्हणायचे. मी मान डोलवायचो आणि घरात शिरलो की माझं काम सुरू व्हायचं. बायकोने आज किती खाल्लं, जिना चढताना तिला धाप लागली का, हात सारखा काखेकडे का जातोय, हे सगळं मी चोरून बघत असे. कर्करोग गेला असं कागद सांगत होता, पण कागदावर विश्वास कोणी ठेवायचा? देवघरात दिवा तीच लावायची. मी शेजारी उभा राहायचो, हात जोडायचो, आणि मनात देवीला विचारायचो की आजचं ठीक आहे, उद्याचं काय? उत्तर कधीच आलं नाही. मग हात जोडणंही सवयीचं झालं.

यात माझ्या नोकरीचाही दोष असेल. भाईंदर पूर्वेच्या एका कारखान्यात मी वेल्डिंगचे जोड तपासतो. मोठाल्या टाक्यांच्या जोडावर लाल रंगाचं पातळ तेल लावायचं, ते मुरू द्यायचं, मग फडक्याने स्वच्छ पुसायचं आणि वर पांढरा फवारा मारायचा. कुठे केसाएवढी भेग असली तर तिच्यात मुरलेला लाल रंग हळूहळू पांढऱ्यावर उमटतो. वरून गुळगुळीत, चकचकीत दिसणारे जोड मी इतक्यांदा फुटलेले पाहिलेत की गुळगुळीत दिसणाऱ्या कशावरच माझा भरवसा बसत नाही. वंदना म्हणते, लग्नाच्या मांडवात तुम्ही माझ्याकडेसुद्धा तसंच पाहत होता. ते मात्र खोटं आहे.

त्या दिवसांत मला थोडाफार सावरलं ते गाडीने. पेणकरपाड्यात एका गॅरेजच्या मागे, गवतात, एक जुनी साडेतीनशे सीसीची गाडी पडलेली दिसली. लग्न झालं तेव्हा आमच्याकडे अगदी तशीच होती. ती मी टेम्पोत घालून बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आणली आणि दर रविवारी तिच्यापुढे फतकल मारून बसायला लागलो. सेक्रेटरी येता-जाता विचारायचे, "ये कब तक चलेगा?" मी म्हणायचो, "बस, होतच आलंय." गंज घासून काढला, इंजिन उघडून धुतलं, टाकीला गडद हिरवा रंग दिला. वंदनासाठी मागे रुंद सीट आणि पाठीला टेकू केला. पुढे नव्या गाडीचा जाड फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दांडे, आणि डिस्क ब्रेक बसवला. त्यासाठी हँडलखालचा जाड पाइप, ज्याच्यावर पुढच्या चाकाचा सगळा भार येतो, तो वेल्डिंग करून मजबूत करून घेतला. तो जोड मी कारखान्यातल्यासारखाच लाल रंग लावून तपासला होता. निर्दोष होता. मग सगळ्या चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, दुधासारखा पांढरा रंग दिला. मित्रांनी वेड्यात काढलं, चासीला पांढरा रंग कोण देतं म्हणून. पण पहिली किक मारली आणि गाडी धडधडू लागली, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरून वंदना धावत गॅलरीत आली. त्या आवाजाने आम्ही दोघंही वीस-पंचवीस वर्षं मागे गेलो. या वयात लाज वाटावी इतका मला आनंद झाला होता.

तिनेच मग सुचवलं. "आपण लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या माहेरी गेलो होतो ना, तसंच जाऊया. गाडीवरून." तिचं माहेर चिपळूणच्या पुढे. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, सावकाश जा, थांबत थांबत जा. पण तिची एक अट होती. "आधी चेण्याच्या देवीला."

उपचारांसाठी आम्ही ठाण्याला जायचो, घोडबंदर रस्त्याने, रिक्षाने. येताना ती इतकी गळून गेलेली असे की डोळे उघडायचंही त्राण नसे. पण चेणं गाव आलं की रस्त्याच्या कडेला, झाडाखाली, एक लहानसं देवीचं ठाणं आहे, तिथे ती न चुकता मान उचलायची आणि हात जोडायची. मी तिच्या फायली मांडीवर धरून बसलेलो असायचो. मला वाटे, मागतेय बिचारी, मागू दे. मनातून मी तोवर मागणं सोडलं होतं.

निघायच्या दिवशी उजाडताच आम्ही बाहेर पडलो. वंदनाने नुकत्याच वाढलेल्या आखूड केसांवरून हात फिरवला, हेल्मेट घातलं आणि मागे बसून माझा खांदा धरला. काशीमीऱ्याच्या नाक्यावर कंटेनरांच्या रांगा लागल्या होत्या. त्यांच्यातून वाट काढत आम्ही घोडबंदरच्या रस्त्याला लागलो, आणि डोंगराचा गार वारा अंगावर आला. गाडी सुरेख चालत होती. जुन्या गाडीवर, तिसऱ्या गिअरमध्ये, पाठीशी आपलं माणूस घेऊन जाण्यात जे सुख आहे ते मी अनेक वर्षं विसरलो होतो.

चेण्याला देवीच्या ठाण्यापाशी साठीची एक गावातली बाई वाटीत तेलात शेंदूर कालवून देवीला लावत होती. आम्हाला पाहून तिने हात थांबवला.

"नवीन गारी हाय?"

"जुनीच आहे मावशी. नवी केलीये."

"मंग देवीचा शेंदूर लावल्याबिगर न्हाय जावाचा."

इतक्या रविवारांची मेहनत, आणि ही बाई तेलकट हाताने तिच्यावर रंगपंचमी खेळणार! "नको मावशी, डाग पडतील," मी म्हणालो.

"अहो, लावू द्या ना," वंदना म्हणाली.

बाईने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. तिचा हात टाकीकडे येताना पाहून मी झटकन हँडल वळवलं आणि टाकीपुढे हात आडवा धरला. ती हसली, आणि तिची भरलेली बोटं हँडलखालच्या पाइपवर टेकली. तिथे तिने चांगला सढळ हाताने शेंदूर फासला. "झाला. आता वटी भरा," असं म्हणून ती वंदनाला घेऊन देवीपुढे गेली.

वंदनाने ओटी भरली, प्रदक्षिणा घातल्या, मग दोघी पायरीवर बसून गप्पा मारू लागल्या. कोण कुठली, किती मुलं, काय दुखणं होतं, सगळं निघालं. मी गाडीभोवती येरझाऱ्या घालत धुमसत होतो. तेल ओघळून पांढऱ्या रंगावर उतरत होतं. शेवटी मला राहवलं नाही. दोघींची पाठ आहे असं बघून मी फडकं काढलं, त्यावर थोडं पेट्रोल घेतलं आणि शेंदूर पुसून टाकला. पाइप पुन्हा दुधासारखा पांढरा झाला.

फक्त एक बारीक लाल रेघ राहिली होती. मी ती पुसली. गेली. फडकं घडी करून ठेवेपर्यंत ती पुन्हा आली.

मी खाली उकिडवा बसलो, पुढचा ब्रेक दाबून धरला आणि गाडी जरा पुढे रेटली. रेघ किंचित उघडली आणि तिच्यातून शेंदूर बाहेर आला. गाडी मागे घेतली, रेघ मिटली. पुन्हा रेटली, पुन्हा आला. वेल्डिंगच्या अगदी शेजारी, जुन्या पाइपला, जवळजवळ अर्धी गोलाई भरून भेग गेली होती.

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या टाक्यांवर हेच पाहत आलो होतो. वेल्डिंग झालं त्या दिवशी मी स्वतः तपासलं तेव्हा ही भेग नव्हती. नंतर गाडी चालवून बघायला मारलेल्या चकरांमध्ये, जाड फोर्क आणि डिस्क ब्रेकच्या ताणाने कधीतरी पडली असणार. पुढे गायमुखाचा घाट होता, त्यातले खड्डे, मागून उतारावर येणारे कंटेनर, आणि नंतर अख्खा कोकणचा रस्ता. तो पाइप तुटला असता तर पुढचं चाक हँडलसकट निखळलं असतं, आणि माझ्या मागे वंदना बसलेली होती. इतक्या मरणातून बाहेर आलेली माझी वंदना. पुढचा विचार मला करवेना.

मग हळूहळू बाकीचं ध्यानात येऊ लागलं. तेलातला लाल रंग, तो मुरायला लागतो तेवढा वेळ, पेट्रोलचं फडकं, आणि पांढऱ्या फवाऱ्याच्या जागी चासीचा पांढरा रंग. माझ्या कामातली एकेक पायरी तिथे बिनचूक पार पडली होती आणि त्यातली एकही मी ठरवून केली नव्हती. मी टाकी वाचवायला हँडल वळवलं म्हणून तर तिची बोटं नेमकी तिथे टेकली. पुसलंही मी चिडूनच. याला कोणी योगायोग म्हणेल, म्हणू दे, माझं कोणाशी भांडण नाही. मी फक्त झालं ते सांगतोय. बसल्या जागेवरून सरकत मी देवीपुढे गेलो आणि पायरीवर डोकं टेकलं. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा मी काही विचारलं नाही.

वंदना घाबरून धावत आली. मी तिला पाइप दाखवला, काय झालं असतं ते सांगितलं. त्या बाईनेही वाकून बघितलं. तिला भेगेचं काही कळलं नाही. "मी त सगल्यांच्याच गारीला लावते," ती म्हणाली. "मंग आज जावाचा न्हाय?"

"नाही मावशी. आज नाही."

"बरा. देवी काय पलत न्हाय. मंग या."

गाडी परत न्यायला मी टेम्पो बोलावला आणि आम्ही झाडाखाली त्याची वाट बघत बसलो. वंदना म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं, रिक्षातून मी तिच्याकडे काय मागायचे?"

"बरं कर, म्हणून. दुसरं काय?"

"छे. माझ्याकडे बघायला एवढे डॉक्टर होते. तुमच्याकडे कोण बघत होतं? मी म्हणायचे, बाई, ह्यांना सांभाळ. सगळं आपल्याच डोळ्यांनी बघायला जातात, एक दिवस कोसळतील."

मी रस्त्याच्या कडेला बसून हमसून हमसून रडलो. जाणारे-येणारे बघत होते, रिक्षावाले वेग कमी करत होते. वंदना माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जणू आजारी मीच होतो. आणि खरं सांगायचं तर मीच होतो.

घरी आल्यावर मी गाडी पुन्हा पूर्ण उघडली. तो पाइप कापून नवा बसवून घेतला, जाड फोर्कची हौस सोडली आणि मूळचा हलका फोर्क परत घातला. लाल रंग लावून तपासणी केली, ती तर करणारच. हातातलं काम चोख करायचं, त्यात हयगय करून देवावर भार टाकायचा हे मला आजही पटत नाही. पण पुसून झाल्यावर फडकं खाली ठेवलं आणि देवीला म्हटलं, आई, मला दिसतं ते एवढंच. मला न दिसणारं तू बघ. हे म्हणायला मला एवढं आयुष्य लागलं, आणि म्हटल्यावर खांद्यावरून पोतं उतरवावं तसं हलकं वाटलं.

पुढे आम्ही चिपळूणला जाऊन आलो. थांबत थांबत गेलो, वाटेत वडापाव खाल्ले. एका चढावर वंदना मागून ओरडून म्हणाली, "अहो, जरा पळवा की!" आणि मी पळवली. दऱ्याखोऱ्यांत गाडीचा आवाज घुमत होता, आणि एवढं हिरवं, एवढं मोठं जग आपल्याला फुकट दिलंय या नवलाने माझे डोळे भरून येत होते.

गेल्या आठवड्यात तिची सहामाही तपासणी झाली. दरवेळी मी तपासणीच्या खोलीच्या दाराबाहेर फेऱ्या मारून नर्सना हैराण करतो. या वेळी बाकावर बसलो आणि बसल्या बसल्या चक्क झोपलो. वंदनाने बाहेर येऊन मला हलवून उठवलं तेव्हा ती इतकी हसत होती की तिला बोलता येईना.

हे लिहितोय तेव्हा रिपोर्ट यायचा आहे. कसा येईल ते मला माहीत नाही. भीती वाटत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण आज सकाळी वंदना गॅलरीत कपडे वाळत घालत होती, आणि मी तिच्याकडे नुसतं बघत उभा राहिलो. धाप लागतेय का, हात कुठे जातोय, हे बघायचं माझ्या लक्षातच आलं नाही. ती केवढी छान दिसते, एवढंच दिसलं. आई, हे दिसावं म्हणून तू मला वाटेत थांबवलंस. तुझे उपकार कसे फेडू?