टरफलं द्या, मेथी न्या

इंटरनेटवरचा व्हिडिओ आता काढून टाकता येत नाही, असं मी शकीला आपांना सांगितलं होतं. ते खोटं होतं. हे आजवर कुणापाशी बोललो नाही… आणि गेल्या महिन्यात आपा गेल्या.

नांदेडच्या आमच्या गल्लीत, त्यांच्या गच्चीवर, फुटक्या टबांत आणि रंगाच्या डब्यांत मेथी, अंबाडी, वांगी असायची. घरचा ओला कचरा आणून खतात टाकायचा आणि भाजी न्यायची, हा नियम. फुकट कुणालाच नाही. शेजारची सुमन मूठभर कांद्याची टरफलं घेऊन आली की आपा म्हणायच्या, "एवढ्यावर अख्खी जुडी? लई हुशार हायस गं!" आणि जुडीत चार काड्या जास्तच घालायच्या.

पाण्याची टाकी आणि सावलीची जाळी हवी होती. इंटरनेटवरून लोकवर्गणी मागू, ही कल्पना माझी. व्हिडिओसाठी आपा ठेवणीतली साडी नेसून आल्या. "शादीचा फोटो काढून राहिलास का, विलास?" मी त्यांना विटकी साडी नेसायला लावली, रिकाम्या टोपलीशेजारी बसवलं. कचऱ्याचा नियम त्यांनी हौसेनं सांगितला होता, तो कापला. त्यांच्याच नावानं खाली लिहिलं: आमच्या भुकेल्या गल्लीला मदत करा.

पैसे आले, टाकी बसली. व्हिडिओ फिरत फिरत गल्लीतल्या फोनांवरही आला. सुमन जिन्यातूनच ओरडली, "आपा, आम्ही काय मागून खाणारे हाव का?" मग एकेक घर यायचं थांबलं. "काढून टाक रे ते," आपा मला म्हणाल्या. वर्गणी अजून येत होती, ओळखीपाळखीचे माझं कौतुक करत होते… मी म्हणालो, निघत नाही आता. "बरं," एवढंच त्या बोलल्या. पुढे स्वतः भाजी घेऊन दारोदार जायच्या. बायका म्हणायच्या, आहे घरात. वांगी झाडावरच पिवळी पडायची. पण लिहिणारा मी होतो, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

दफन झालं त्या संध्याकाळी मी व्हिडिओ काढून टाकला. एक बोट लावलं, गेला.

आता दिवेलागणीला खिडकीत उभा राहतो. गच्चीवरून कुणीतरी हाक मारावी, रागानं का होईना… वाटत राहतं.

सुमनच्या आणि बाकीच्यांच्या दारात जाऊन एवढं सांगायचं राहिलं आहे: तुम्हाला भुकेलं मी म्हटलं, आपांनी नाही.