कौसल्याबाईंचे पॉवर टिलर

कौसल्याबाईंच्या गोठ्यात गाय नव्हती, बैल नव्हता. तीन जुने पॉवर टिलर होते. दोन चाकं, त्यावर इंजीन आणि मागं दोन लांब मुठी. त्या धरून माणसानं यंत्रामागं चालायचं. सकाळी चहाच्या आधी बाई तिन्ही यंत्रं फडक्यानं पुसायच्या. कुणी हसलं की म्हणायच्या, "तुमी बैलाले गोंजारता, मी याईले गोंजारते. तुमाले काऊन तरास?"

मार्कंड्याजवळच्या आमच्या गावात त्या माझ्या शेजारी राहायच्या. लहानपणी माहेरच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, असलं यंत्र पहिल्यांदा आलं, तेव्हा त्या दिवसभर त्याच्या मागं चिखलात चालल्या होत्या. ते वेड साठी उलटली तरी उतरलं नव्हतं. एक टिलर तर त्यांनी सिरोंच्याच्या भंगारवाल्याकडून सोडवून आणला होता. "नवं कोनीबी चालवते," त्या म्हणायच्या, "जुन्याचं मन सांभाळा लागते."

एका वर्षी ऐन रोवणीत माझा नवरा झाडावरून पडला आणि अंथरुणाला खिळला. रोवायची रोपं, म्हणजे पऱ्हे, तयार, बांधीत पाणी; पण चिखल करायला माणूस मिळेना. जो तो आपापल्या शेतात. मी हात टेकले होते. कौसल्याबाई टिलर घेऊन थेट बांधावर आल्या.

"धर."

"मी? बाईनं नांगराला हात लावायचा नसतो म्हणतात."

"मंग नोको लावू नांगराले. हे कुठी नांगर आहे?"

मी मुठी धरल्या. यंत्रानं हिसका दिला आणि मी तोंडावर चिखलात पडले. शेजारच्या बांधांवरचे हसले, बाई सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. मग पदर खोचून माझ्याजवळ उतरल्या. "त्याले वढू नोको. त्याच्यासंग चाल." संध्याकाळपर्यंत दोघींनी आळीपाळीनं अख्खी बांधी तयार केली. त्या वर्षी आमच्या घरात धान आलं ते त्यांच्यामुळं.

मागच्या पावसाळ्यात त्यांना उठवेना. दिवसभर त्यांचाच टिलर चालवून मी भेटायला गेले आणि चिखलाच्या पायांनी उंबऱ्याशी थबकले. "ये ना वो आत," त्या म्हणाल्या. माझा तळहात ओढून घेऊन त्यावरच्या घट्ट्यांवरून बराच वेळ बोटं फिरवत राहिल्या.

"आता मले काई चिंता नाई, सुनंदा."

कापणीच्या आधीच त्या गेल्या. मळणी झाल्यावर मी सूपभर नवे तांदूळ त्यांच्या मुलाच्या हाती दिले. "तुमच्या आईचे आहेत," मी म्हणाले.