टोक नसलेला बाण

पेंटरकाका ब्रश कानामागे खोचायचे. रस्त्याने जाताना दुसऱ्यांच्या पाट्यांतल्या चुका काढायचे. स्वतः पाट्या लिहायचे ते दुपारी, दोन घोट घेतल्यावर. त्याआधी हात थरथरायचा.

एक दिवस तेच म्हणाले, "शाळेमागे दारू सोडणाऱ्यांची बैठक भरते म्हणे. तू चल. एकटा गेलो तर पाय भलतीकडे वळतील."

आम्ही अख्खी गल्ली पालथी घातली. दारं सगळी सारखी, पाटी एकावरही नाही. कोपऱ्यावरच्या बारची पाटी मात्र लांबूनही वाचता येत होती.

"माझंच काम," काका म्हणाले. "अक्षर कसं उठून दिसतंय बघ!" हसले आणि घाम पुसत राहिले.

दार सापडलं तेव्हा एक बाई खुर्च्या आवरत होत्या. बैठक संपली होती.

"पुढच्या मंगळवारी नक्की या, काका."

"बाई, पाटी का नाही लावत?"

"लोकांना लाज वाटते हो."

"मग नुसता बाण काढून आणतो. माझ्यासारखा बावळट चुकायला नको."

त्या दिवसापासून त्यांनी बाटलीला हात लावला नाही. आम्ही सगळे खूश होतो. रविवारी त्यांना फिट आली आणि ते गेले. इतक्या वर्षांची दारू अशी एकदम तोडायची नसते, असं डॉक्टर म्हणाले. आम्हाला कुठे माहीत होतं?

त्यांच्या बहिणीने त्यांचं बंद दुकान उघडलं. फळीवर बाणाची पांढरी रेघ होती, सबंध थरथरलेली. टोक काढायचं राहिलं होतं.