सात औटे

कडक खळ दिलेलं लुगडं उलगडलं की त्या वासासरशी मला आमचं इतवारी बाजारामागचं घर आठवतं. दिवेलागणीला वडील माग बंद करून मला समोर बसवायचे आणि आम्ही दोघं औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, म्हणायचो. ‘सात औटे’ला ते हटकून अडायचे. मग स्वयंपाकघरातून आईचा आवाज यायचा, “साडेचोवीस!” ती शाळेत गेलेली नव्हती, आमचं ऐकून ऐकून शिकली होती. आई गेली त्या संध्याकाळी वडील घाटावरून आले, अंघोळ केली, दिवा लावला नि मला म्हणाले, “म्हण वं, औटकी.” आत्या दबक्या आवाजात म्हणाली, “आज काहून म्हणून राहिला गा, भाऊ?” त्यांनी ऐकलंच नाही. ‘सात औटे’ म्हणून ते थांबले. दोघांच्याही माना स्वयंपाकघराकडे वळल्या. चूल पेटलेली नव्हती. उत्तर मला येत होतं. आता मी शाळेत गणित शिकवते. शाळेतलं गणित पहिल्यासारखं राहिलं नाही, असं पालक म्हणतात. नसेल. औटकी आता कोणी शिकवत नाही. सात औट्यांवर थांबावं लागत नाही, तेवढं बरं.