उम्म नायेल जाहा नेते

आमच्या सल्त गावात उम्म नायेल हे नाव दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध. एक तिची तेलात मुरवलेली वांगी आणि दुसरा तिचा फोनवरचा ऑलिव्हवाल्यांचा ग्रुप. नऊ हजार माणसं, आणि बाईचा धाक असा की सलाम न करता कुणी प्रश्न टाकला की लगेच उत्तर येतं, "बाळा, दार वाजवायला विसरलास." मी तिची शेजारीण आणि ग्रुपची दुसरी अॅडमिन, म्हणजे तिच्या हाताखालची शिपाईच.

परवाच्या शुक्रवारी या बाईनं जे केलं त्यानं माझा जीव अजून थाऱ्यावर नाही.

झालं असं, की ऐन तोडणीच्या तोंडावर अबू शाहेर ग्रुप सोडून गेले. पानावरचा डाग बघून झाडाचा आजार सांगणारा हा म्हातारा आमचा मोठा आधार. त्यांनी एका फांदीचा फोटो टाकला होता, हललेला. त्याखाली कुतैबा नावाच्या तरुण इंजिनिअरनं लिहिलं, "काका, भूकंपात काढलात का?" लोक खो खो हसले. मग कुतैबानं त्यांना एकट्यांना माफीचा निरोप पाठवला, सोबत नाचणाऱ्या मांजरीचं स्टिकर.

उम्म नायेल भडकली. "अपमान चौकात आणि माफी गल्लीत? वर मांजर!"

आमच्याकडे रुसलेल्याच्या घरी वडीलधारी मंडळी समजूत घालायला जातात, ती जाहा. यजमान कॉफी देतो, पण मागणं मान्य होईपर्यंत मंडळींचा पुढारी पेला ओठाला लावत नाही. उम्म नायेलनं ठरवलं, जाहा न्यायची, पण फोनवरून. आम्ही चाळीस जण आणि कुतैबा व्हिडिओवर जमलो, प्रत्येकासमोर कॉफीचा पेला. पलीकडे अबू शाहेरांच्या नातीनं फोन धरला होता.

"अबू शाहेर," उम्म नायेल म्हणाली, "तुम्ही परत येईपर्यंत आम्ही ही कॉफी पिणार नाही."

म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. "कॉफी कुणाच्या घरची?"

"आपापल्या."

"मग प्या, नाहीतर मोरीत ओता. माझं काय जातंय? अडून बसायचं ते माझ्या कॉफीवर!"

आम्ही चाळीस शहाणे, पण हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. उम्म नायेल मात्र हार मानणारी नव्हे. "कुतैबा, ऊठ. गाडी काढ."

अबू शाहेरांचं गाव डोंगरापलीकडे, वीस मिनिटांवर. पठ्ठ्या फोन चालूच ठेवून निघाला आणि चाळीस तोंडं एकदम सुटली. कुवेतमधला एक जण तर तिथून डावं-उजवं सांगत होता, तेही चुकीचं. मला बसवेना, मी उम्म नायेलच्याच खोलीत येरझाऱ्या घालत होते. पोचला एकदाचा.

अबू शाहेरांनी स्वतः कॉफी ओतली. त्यांचा हात इतका थरथरत होता, की निम्मी कॉफी कुतैबाच्या मनगटावर सांडली. तो हलला नाही. पेला समोर ठेवून म्हणाला, "काका, मला ठाऊक नव्हतं. सगळ्यांसमोर हसलो, सगळ्यांसमोर माफी मागतो. आज ग्रुपवरही लिहीन."

"तुला मी केव्हाच माफ केलं. पी."

आम्ही चाळीसही जणांनी पेले उचलले. इतक्यात अबू शाहेर पुन्हा बोलले. "पण मी गेलो तो याच्यामुळे नाही. याच्या बोलण्याखाली दोनशे बारा जणांनी हसरे चेहरे टाकले. नातीकडून मी सगळी नावं वाचून घेतली. त्यात उम्म नायेलचंही होतं."

मी पटकन माझ्या फोनवर ग्रुपमध्ये मागे जाऊन पाहिलं. होतं. त्याच्या खाली माझंही होतं.

चुकून बोट लागलं, असं म्हणून बाई सुटू शकली असती. ती म्हणाली, "खरं आहे. मी हसले. अख्ख्या ग्रुपला रीत शिकवते, आणि मीच हसले. मला माफ करा, अबू शाहेर." तिचे डोळे भरून आले होते. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि तिचा इतका अभिमानही.

अबू शाहेरांनी आणखी एक पेला भरला आणि कुतैबाशेजारच्या रिकाम्या गादीसमोर ठेवला.

"उम्म नायेल, हा तुझा," ते म्हणाले. "इथं येऊन पी. तोवर मी ग्रुपवर येत नाही."

फोन माझ्या हातात कोंबून उम्म नायेल चपला शोधायला लागली होती.