बिनसहीचं मॉड्यूल आणि आमचे भाऊजी

अन्याय झाला आहे आमच्या भाऊजींवर. बोंडअळीनं कापसाची पऱ्हाटी पोखरली त्या साली, दसऱ्यानंतरच्या सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास, दिग्रसच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस खरेदीच्या मुहूर्ताला जमलेल्या भर गर्दीत झाला आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यांच्या तऱ्हा ऐकून तुम्ही हसाल, आणि हसता हसता माणसं अन्याय विसरतात. भाऊजींइतका संशयी माणूस यवतमाळ जिल्ह्यात दुसरा नाही, आणि त्यांच्याइतका भरवशाचाही नाही!

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. बसस्टँडमागं त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. कुठलीही गोष्ट कोणी पाठवली हे कळल्याशिवाय ते तिला हात लावत नाहीत. शेजारून वाटीभर भाजी आली तर आधी चौकशी, मग घास. सख्ख्या चुलतभावाच्या लग्नाला गेले नाहीत, का, तर पत्रिकेवर निमंत्रकाचं नाव छापायचं राहिलं होतं. "कोन बोलावून राह्यलं मले? हवा?" ताई एकटी जाऊन आली आणि कडाडली, "मले घरात घेतलं तवा कोनाची सही पाह्यली होती?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "तुह्या बापाची!"

पण ह्या सगळ्या संशयाचं मूळपीठ म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीचा कर्नेल. तो त्यांनी मला एकदा चहा गार होईपर्यंत समजावला होता. "कर्नेल म्हंजे गाभारा, साळेबुवा. बाकीचे प्रोग्राम सभामंडपात घंटा वाजवून जातात. मॉड्यूल, म्हंजे कर्नेलले मागून जोडलेलं पिल्लू, मात्र चालू पूजेत सरळ गाभाऱ्यात शिरते. एकदा शिरलं का देवाच्या अंगावरचे दागिने बी त्याचेच! म्हनून दारातच सही पाहाची. बिनलेबलचं बियानं पेरलं ना लोकायनं? आता बोंडं फोडून अळ्या पाहून राह्यले!"

त्या जिनातला काटा भाऊजींच्या ताब्यात होता. गाडी काट्यावर चढली की वजन कॉम्प्युटरवर उमटायचं, आणि काटा व कॉम्प्युटर ह्यांच्यातला दुभाषी म्हणजे एक मॉड्यूल. भाऊजी ते ओळ न ओळ वाचून स्वतः बांधत आणि आपल्या गुप्त डिजिटल किल्लीनं त्यावर सही करत. बिनसहीचं मॉड्यूल कर्नेलनं घ्यायचंच नाही, अशी त्यांची सक्त ताकीद. आणि ती किल्ली कुठं? दारव्ह्याला, त्यांच्या आईच्या लोखंडी पेटीत, एका पेनड्राइव्हवर! "कुलूप अन् किल्ली एका गावात ठेवनारा मानूस येडा," हा त्यांचा सिद्धांत.

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी त्यांनी नवा कर्नेल चढवला. नव्या कर्नेलसाठी मॉड्यूल पुन्हा बांधावं लागतं, ते बांधलं. आणि त्या आनंदात सही करायची विसरले!

सोमवारी नारळ फुटला, पहिल्या गाडीवाल्याच्या खांद्यावर शेला पडला, गाडी काट्यावर चढली, आणि स्क्रीनवर वजनाऐवजी उमटलं की लागणारी किल्ली उपलब्ध नाही. भाऊजींनी बांधलेलं मॉड्यूल भाऊजींनीच नेमलेल्या राखणदारानं हाकलून लावलं होतं! दुसरा कोणी शरमेनं मेला असता. भाऊजी टाळी वाजवून ओरडले, "पाह्यलं? मले बी सोडत नाई!"

गाड्यांची रांग पुसद रोडला टेकली. मॅनेजर घामाघूम. "अहो, तुमचंच आहे ना ते? मग घ्या की आत!"

"आज माहं बिनसहीचं घेतलं, तर उद्या कोनाले कोन्या तोंडानं थांबवू?"

"काहून अडवून राह्यला, मास्तर?" रांगेतून कोणीतरी गरजलं. "कापूस काय तुह्या कॉम्प्युटरात पिकते?"

"तुह्याच कापसासाठी चाललो, बाप्पा!" म्हणत भाऊजी किल्ली आणायला धावले. दारव्ह्याची जीप भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून हा गृहस्थ स्वतः चौकात उभा राहून "दारव्हा, दारव्हा!" ओरडत गिऱ्हाइकं गोळा करू लागला. मी डोळ्यांनी पाहिलं!

आणि ते तिकडं गेल्यावर इकडं काटा विकणाऱ्या कंपनीचा माणूस आला. त्यानं सहीची तपासणीच बंद केली आणि स्वतःजवळचं मॉड्यूल घातलं. कोणी बांधलं, आत काय आहे, त्यालाही ठाऊक नव्हतं. वजन उमटलं. टाळ्या पडल्या, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत ज्यांचा कापूस होता तेच सगळ्यांत पुढं! दुपारी भाऊजी पेनड्राइव्ह मुठीत धरून, धुळीनं माखून परतले, तेव्हा मॅनेजर म्हणाला, "आता गरज नाही. उद्यापासूनही येऊ नका."

काटा खोटं बोलतो असा आरोप मी करत नाही. तो खरं बोलतो ह्याची हमी देणारा एकच माणूस होता, जिनवाले हो, त्याला तुम्ही घालवलंत, एवढंच म्हणतो! तपासणी आजही बंद आहे. भाऊजी आता त्या रस्त्यानं जात नाहीत. पण हंगामात कोणी जिनातून आलेला भेटला की हळूच विचारतात, "काटा बराबर चालून राह्यला ना?" सासरी दिलेल्या लेकीची खुशाली विचारावी तसं. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडं बघवत नाही.

तेव्हा कापूसवाले हो, ह्या हंगामात गाडी काट्यावर चढवण्याआधी खाली उतरा आणि विचारा, "ह्या काट्यात कोनाच्या सहीचं मॉड्यूल हाये?" नाव कळेपर्यंत गाडी चढवू नका.